हाळीला हाळी

बसा, पण हळू बोला. आबांचा आत्ता कुठं डोळा लागलाय. मला विचाराल, तर मी नीट कधी झोपले होते तेही आठवत नाही.

त्या शनिवारीही अशीच दमले होते. सांगलीच्या दवाखान्यात सलग तीन रात्रपाळ्या करून, घरी न जाता, आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, गावाकडून बोलावून घेतलं आणि छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निम्मी गेलीत, मोठ्यानं बोलूसुद्धा देऊ नका. मी नर्स, मला ते फोटोतच दिसलं होतं. आमच्या कडेगावची एसटी साडेचारला होती, बाहेर ऊन रणरणत होतं आणि समोर थेटर होतं. म्हटलं, चला आबा, दोन तास गारव्यात बसू. खरं सांगते, मला पिक्चर नको होता, झोप हवी होती.

पिक्चर अंतराळातला, परदेशी, हिंदीत आवाज दिलेला. यान फुटतं, बाकीचे मरतात, एकटा उरतो आणि त्याचा ऑक्सिजन संपत येतो. पडदा म्हणजे केवढा! चांदण्यांचा पसारा उघडला आणि पुढच्या खुर्च्याच दिसेनाशा झाल्या. आमचे आबा धनगर, चाळीस वर्षं मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरलेले, उघड्यावर झोपलेले. डोळे बारीक करून ते तिथंही तिकांडं, त्या ओळीतल्या तीन चांदण्या, शोधायला लागले. सापडलं नाही, तसं हळूच म्हणाले, हे आभाळ आपलं नव्हं गं. मला हसू आलं. मग डोळे मिटायला लागले.

माझा धाकटा भाऊ बिरदेव फौजेत होता. सहा वर्षांपूर्वी बर्फातल्या चौकीवर कडा कोसळला. बाकीचे सापडले, बिरू नाही. घरी त्याची पेटी आली, आत नुसते कपडे. आबांनी दिवस घालू दिले नाहीत. सापडला नाही म्हणजे वाट चुकलाय, एवढंच म्हणायचे.

आमच्यात एक रीत आहे. डोंगरात, धुक्यात माणूस चुकला की तो लांब आवाज काढून हाळी देतो. ज्याच्या कानावर पडेल त्यानं, ओळख असो नसो, उलट हाळी द्यायची आणि तो पोचेपर्यंत देत राहायची. मध्येच थांबायचं नाही. तो तुमच्या आवाजाच्या भरवशावर निघालेला असतो; आवाज तुटला की कड्यावरून खाली जातो.

पडद्यावर तो माणूस एका दोरीला धरून काळोखात तरंगत होता. पांढरा पोशाख, तोंडावर काच. अख्ख्या थेटरात फक्त त्याच्या श्वासाचा आवाज. ‘कोई है…?’ उत्तर नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर नाही. आणि माझ्या शेजारी आबा ताडकन उभे राहिले.

“होऽऽ… हाय रं! हिकडं ये… हिकडं…”

थेटर हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा हात ओढता ओढता मी वर पाहिलं, तर त्या माणसानं मान वळवली होती. आमच्याकडं. श्वासाचा आवाज थांबला होता. आणि त्या हिंदी पिक्चरमध्ये, अगदी आपल्या बोलीत, कानात सांगितल्यासारखं ऐकू आलं…

“आबा… लय गार हाय…”

तीन रात्रींचं जागरण, काहीही ऐकू येतं, असं मी स्वतःला समजावलं. आबांना खोकल्याची उबळ आली होती. धरून बाहेर आणलं. ते लहान मुलासारखे रडत होते. म्या ओ दिलीया, त्यो निघालाय, मला आत जाऊ दे, एवढंच चाललं होतं. मी नेलं नाही.

त्या दिवसापासून दिवेलागणीला अंगणात जाऊन त्यांच्या हाळ्या सुरू झाल्या. मी रागावले, दार लावलं, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून आकडे दाखवले. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. त्यांनी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी लांब कॅनॉलकडून उलट हाळी आली. शब्द नाही, नुसती धाप आणि तिच्यामागं लांबलेला हुंकार. पुढं ती उसातून आली. मग विहिरीपलीकडून. मी रजा टाकून घरी बसले होते, सगळं ऐकत होते, आणि आबांना पुरतं अडवलं नाही. मलाही माझा भाऊ हवा होता. आता वाटतं, चुकलंच माझं.

काल आबांना उठवेना. नाकात नळी, ओठ निळे. माझं मनगट धरून म्हणाले, “तू दे गं… थांबू नगंस…”

मी अंगणात गेले. जन्मात कधी हाळी दिली नव्हती. घसा फाटला, पण दिली. विहिरीच्या अलीकडून उत्तर आलं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तोच मानेवर गार वारा आला. बर्फाच्या लादीजवळ उभं राहिल्यावर लागतो तसा.

“आक्का…”

बिरूच होता. मागं वळायची माझी छाती झाली नाही.

“आक्का, बास कर… मी तर पयल्याच हाळीला आलोय. थेटरातनं तुमच्यासंगंच घरला आलो…” मग माझा लहानगा बिरू अंधाराला घाबरायचा, तशा आवाजात त्यानं विचारलं, “मग तवापासनं तुमी कुणाला बोलावतायसा?”

गोठ्याच्या कोपऱ्यावरून पुन्हा हाळी आली. आणि आत, होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून, आबांनी तिला ओ दिली.