गिअरबॉक्सचं लाल तेल

"मेघालीताई, संध्याकाळी मला चौकीत नेतील. मग गॅरेज संपलंच."

जितेश बसायलाही तयार नव्हता. बोईसरात खासगी तपास करणाऱ्या मेघाली सावेनं वही बाजूला सारली. तिचे मदतनीस वामनराव, निवृत्त पोस्टमास्तर, चहा पिऊन शंका काढण्याच्या कामी होते.

प्रकरण साधं दिसत होतं. चिंचणीच्या शांतारामभाऊंची जुनी ऑटोमॅटिक गाडी काल वाणगावजवळ रुळांवरच बंद पडली. लोकांनी ढकलली म्हणून ते आणि त्यांची बायको माई वाचले. आणि परवाच जितेशनं गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर बदलला होता.

"तेल कमी भरलंस?"

"इंजिन चालू ठेवून, गरम करून मोजलं, ताई! माई शेजारी बसून बघत होत्या. कुठून काढतोस, कुठून भरतोस, सगळं विचारलं. जुनं काळं निघालं, नवं कोकमासारखं लाल. उरलेला डबा माझ्याकडंच हाय. आज बघतो तर अर्धं तेल नाय! बोल्ट घट्ट, खाली थेंब नाय. पण बोल्टावर नवे ओरखडे. माझा पाना असा लागत नाय."

"असं जितेशच म्हणतो," वामनराव पुटपुटले.

जितेशला घेऊन दोघं चिंचणीला पोचले. शांतारामभाऊंच्या वाडीचं लोखंडी दार वामनरावांनीच कडी काढून ढकललं. आवाज न करता उघडलं. त्यांची बोटं तेवढी लालसर झाली. "गंज," म्हणत त्यांनी ती रुमालाला पुसली.

शांतारामभाऊंचा पुतण्या मितेश ओट्यावरच भेटला. "ती गाडी विका म्हणून मीच मागे लागलोय. पण परवा रात्री मी कंपनीत होतो. विचारा सुपरवायझरला."

आतून शांतारामभाऊ गरजले, "विकायची नाय! मितेश, बस इथं." बोलले ते वामनरावांकडे बघून.

माईंनी चहा आणला.

"दार छान चालतं, माई," मेघाली म्हणाली.

"कुरकुरायचं गो फार. काल पहाटे मीच खोबरेल घातलं."

मेघालीनं कप खाली ठेवला. "वामनराव, रुमाल द्या."

त्यावरचे डाग तिनं जितेशला दाखवले. त्यानं बोटानं चोळले, हुंगले. त्याचा चेहराच बदलला.

"गंज पुसला तर कोरडा राहतो," मेघाली म्हणाली, "हा अजून बुळबुळीत आहे. आणि लाल खोबरेल मी पाहिलेलं नाही. जितेशचा डबा त्याच्याकडे, मितेश कामावर. मग हे तेल आलं गाडीतूनच. कुठला बोल्ट, हे पाहिलं होतं एकाच माणसानं. चांगलं तेल फेकवलं नाही तुम्हाला, माई, म्हणून दाराला घातलंत."

"मागल्या आठवड्यात सायकलवरची पोर यांना दिसलीच नाय," माई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरकडे चला म्हटलं तर भांडतात. मला वाटलं, गाडी अंगणातच अडेल. हलली कशी, कळंना."

"बोल्ट काढला तरी खालच्या चेंबरमधून सगळं तेल निघत नाय, माई. उरलेल्यावर गाडी थोडी धावते," जितेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

शांतारामभाऊ माईंकडे वळले. "तुला ठाऊक होतं. मग शेजारी का बसलीस?"

"तुमी एकटे जाणार होता."

"रुळांवर तरी उतरायचंस."

"तुमी आत होता ना."

म्हाताऱ्यानं चौकीला फोन लावला. "तक्रार करायची नाय. चूक आमच्याच घरची." मग जितेशचा आवाज आला होता त्या रोखानं मान वळवली. "जितेश, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय मला. गाडी तू चालव."