नमुना क्रमांक दोनशे सत्तावीस

"फुकटात दुसरं काय मिळणार," रसूलचाचा पुटपुटले.

ते स्वतःशीच म्हणाले असतील. पण मिरजेतलं ते सतारीचं दुकान इतकं अरुंद होतं, की तिथे स्वतःशी बोललेलंही तिघांत वाटलं जायचं. उज्ज्वलाताईंचा गुडघा चाचांच्या स्टुलाला टेकला होता. चाचांची मुलगी शमीम पाठीमागे लाकूड घासत होती.

"ऐकलं हं मी," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आणि ही संगणकप्रणाली फुकट नाही, मुक्त. ज्याला हवं त्याने उघडून बघावं, दुरुस्त करावं."

"मग करा की दुरुस्त! सोमवारी तुम्ही हे बसवलंत आणि माझे सगळे नमुने मेले, आवाजातली चमकच गेली."

दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सतारीची एक तार छेडून तिचा आवाज संगणकात साठवायचा, असा चाचांचा रिवाज होता. जवारी म्हणजे तारेचा तो मधाळ झणत्कार. तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते, ती केसभर कमी-जास्त घासली की तो बदलतो. पुढे सतार दुरुस्तीला आली, की आधी नमुना ऐकायचा आणि मग घोडीला हात लावायचा. असे चारशे नमुने होते. धारवाडच्या हेगडेबाईंची सतार आता तिसऱ्यांदा परत आली होती. बाईंचं म्हणणं एवढंच, की बारा वर्षांपूर्वी वाजायची तशी वाजू दे. आवाज फार उघडा, पत्र्यासारखा झालाय. शनिवारी त्या ती न्यायला येणार होत्या.

सोमवारपर्यंत या संगणकात 'सोबती' होता. नऊ-दहा वर्षांत तो घराघरांत शिरला होता. त्याच्याशी बोलायचं, तो कामं करायचा. फाईल नावाची वस्तू कुठे राहते, हे लोक विसरूनही गेले होते. माणूस जवळ आला की सोबती त्याला ओळखायचा. कुणाचे डोळे मंदावले की अक्षरं मोठी करायचा, कुणाचा हात थरथरला तर बटण क्षणभर थांबवून धरायचा. आणि याचा चकार शब्द काढायचा नाही. 'न सांगता समजून घेणारा' अशी त्याची जाहिरातच होती. कंपनीने जुन्या यंत्रांवरचा सोबती बंद केला, तेव्हा शमीमने उज्ज्वलाताईंना बोलावलं. शिवणक्लास चालवता चालवता, पुस्तकांच्या आणि स्वतःच्या चुकांच्या जोरावर त्या संगणक शिकल्या होत्या. गल्लीतली निम्मी जुनी यंत्रं त्यांनीच मुक्त प्रणालीवर जिवंत ठेवली होती.

"पुसून टाका सगळे," चाचा म्हणाले. "खोटा नमुना ठेवण्यापेक्षा नसलेला बरा."

"चाचा, इथे पुसलेलं टोपलीत जाऊन पडत नाही. पुसलं की गेलं."

"जाऊ दे."

शमीमचा हात थांबला.

"पाच मिनिटं द्या," म्हणत उज्ज्वलाताईंनी काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, यंत्राने तेवढंच करायचं. "प्रत्येक फाईलचा एक ठसा निघतो. आकडे-अक्षरांची लांब माळ. आवाजात सुईच्या टोकाएवढा फरक पडला तरी अख्खी माळ बदलते. नमुना साठवला की त्याचा ठसा वेगळ्या यादीत उतरेल, अशी सोय मी बारा वर्षांपूर्वीच करून दिली होती."

"त्याने काय होणार?"

"कोण खोटं बोलतंय ते कळणार."

त्यांनी आज्ञा दिली. यंत्र एकेक फाईल मोजून यादीशी ताडत गेलं. क्रमांक दोनशे सत्तावीस, हेगडे: जुळला. चारशेच्या चारशे जुळले.

"बारा वर्षांत कणभर बदललेलं नाही," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"मग तुमचा स्पीकर."

त्यांनी पिशवीतून हेडफोन काढून दिला. चाचांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "मेलेलाच आहे. सोबती होता तेव्हा कसा चमकायचा हा!"

तेव्हा उज्ज्वलाताईंच्या डोक्यात काहीतरी टकटकलं. सोबती काढण्याआधी त्यांनी त्याच्या फोल्डरची नक्कल करून ठेवली होती. काहीही काढण्याआधी नक्कल, हा त्यांचा नियम. त्यांनी 'ग्रेप' ही आज्ञा लिहिली. निवडताना तांदळातला खडा बोटाला लागावा तशी ती हजारो ओळींतून हवा तो शब्द वेचते. त्यांनी शब्द दिला: रसूल.

नऊ ओळी आल्या. दर वर्षाची एक.

"काय आलं? वाचा ना मोठ्याने."

"श्रोता रसूल," त्यांनी वाचलं. "वरच्या स्वरपट्टीची भरपाई, पहिल्या वर्षी चार. दुसऱ्या वर्षी सात..." शेवटच्या ओळीत आकडा अडतीस होता. तो त्यांनी वाचला नाही. "चाचा, हे तांत्रिक आहे. चहा घेऊया का?"

"चहा नको. भरपाई कसली?"

उज्ज्वलाताईंनी शमीमकडे पाहिलं. शमीम जमिनीकडे बघत होती. म्हणजे सोबती चाचांच्या कानांसाठी नमुना उजळून ऐकवायचा. हातातली सतार मात्र कुणी उजळत नव्हतं. तिला नमुन्याच्या जोडीला आणायला चाचा घोडी घासतच राहायचे. पण मग नऊ वर्षांत एवढ्या सतारी गेल्या, आणि परत आली ती एकच कशी?

"ही हेगडेबाईंची जवारी कधी काढलीत?" त्यांनी विचारलं.

"मार्चात. शमीम बाळंत होऊन दवाखान्यात होती तेव्हा. नंतर दोनदा आली, ती घाईत मीच उभ्या-उभ्या करून दिली." चाचा थांबले. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "शमीम, मी दुपारी नमाजला जातो तेव्हा तू इथे काय करतेस?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. उज्ज्वलाताईंना उठून जावंसं वाटलं, पण त्यांचा गुडघा अडकलेला होता.

शमीमने हात ओढणीला पुसले. ती येऊन बापासमोर बसली. नेहमीसारखी त्यांच्या उजव्या कानाशी नाही, अगदी समोर, ओठ दिसतील अशी.

"अब्बा, तुम्हाला वरचं ऐकू येत नाही. सोबतीला माहीत होतं, अम्मीला माहीत होतं, मला माहीत होतं. चार वर्षं तुमच्या मागून मी घोडी घासतेय." तिने हेगडेबाईंची सतार उचलून दोघांच्या मध्ये आडवी ठेवली. "आता समोर बसून घासू?"