पहिलीचा गोंडी धडा

पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात त्या दिवशी बुधरी मडावीनं एका भोंगेवाल्याशी भांडण काढलं.

ती आवळे विकणाऱ्या एका म्हातारीसमोर उकिडवी बसली होती. म्हातारी तिला गोंडीत पाखराची गोष्ट सांगत होती आणि बुधरी ती मोबाइलवर टिपून घेत होती. गोष्ट ऐन रंगात आली आणि मागून भोंगा कडाडला, ‘स्वेटर घ्या, शाल घ्या, कानटोपी घ्या...’ म्हातारी दचकून गप्पच झाली.

बुधरी उठली ती तडक भोंगा लावलेल्या पिकअपपाशी. आत हेडफोन गळ्यात अडकवून एक तरुण बसला होता.

“भोंगा बंद करा जी.”

“काऊन? थंडी वाजत नाई का तुमाले?”

“माझी गोष्ट अर्धी राह्यली तुमच्यापायी.”

त्यानं तिच्या मोबाइलकडं पाहिलं. “याच्यावर रेकॉर्ड करून राह्यल्या? एवढ्या गलक्यात? चालवून दाखवा बरं.”

तिनं चालवलं. कोंबड्या, घासाघीस, फटफटी... आणि या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी म्हातारी. बुधरीचा चेहरा उतरला. तरुणानं हळूच भोंगा बंद केला.

“माझ्याजवळ चांगला माइक हाय,” तो म्हणाला. “जुबेर नाव. नाटकाचं, लग्नाचं साऊंड लावतो.”

“लग्न नाई माझं.”

“बरं झालं,” तो बोलून गेला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

बुधरीला हसू आलं. ते लपवायला ती म्हातारीकडं वळली... पण त्याचा नंबर घेऊनच.

बुधरीचं काम असं होतं. तिच्या गावच्या, मोहटोल्याच्या शाळेत पहिलीला येणारी मुलं घरी गोंडी बोलायची. मराठीतला धडा सुरू झाला की ती खाली मान घालून बसायची. एका संस्थेनं बुधरीला या मुलांसाठी गोंडीतले ऐकायचे धडे आणि त्यांच्या जोडीचे चित्रपत्ते करायला सांगितले होते. संक्रांतीनंतर पहिला धडा शाळेत वाजवून दाखवायचा होता. मुलं बोलती झाली तर तो आसपासच्या शाळांत जाणार, नाहीतर काम तिथंच थांबणार.

जुबेर आला, त्याच्या दोन-तीन चकरा झाल्या. शाळेच्या खोलीत चादरी टांगून तो बुधरीचा आवाज टिपायचा. “माइकच्या थोडं जवळ या,” तो म्हणायचा. ती सरकायची. “अजून...” तो म्हणायचा आणि मग स्वतःच नजर चुकवायचा. एर म्हणजे पाणी, पिट्टे म्हणजे पाखरू, असे शब्द तोही पुटपुटायला लागला.

पण एक दिवस त्यानं मध्येच हेडफोन काढून ठेवला.

“काय झालं?” बुधरीनं विचारलं.

“राग नका मानू. आवाज गोड हाय तुमचा... पन वाचल्यावानी वाटते.”

बुधरीला ते लागलं, कारण ते खरं होतं. तिला गोंडी घरात मिळालीच नव्हती. तिचे वडील मुखरू लहान असताना त्यांनी वर्गात गोंडीत पाणी मागितलं होतं. सारा वर्ग हसला होता. आपल्या लेकीवर कुणी हसू नये म्हणून ते तिच्याशी मराठीतच बोलले. जी काही गोंडी तिला येत होती ती आत्याच्या गावी सुट्टीत शिकलेली.

“गोंडीतली सगळ्यात चांगली गोष्ट गावात माझे बाबा सांगते,” ती म्हणाली. “पन माइकसमोर ते बसनार नाई. मी विचारून थकली.”

“मी नाई विचारत,” जुबेर म्हणाला. “मी नुसता चहा पितो त्याइच्या संगं.”

मुखरू अंगणात बांबूची ताटी विणत बसले होते. जुबेरनं चहाचा कप घेतला, मोहाच्या झाडाकडं बोट केलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, “काका, तुमच्या अंगनातला हा मर्री लय उंच हाय.”

मुखरूंचे हात थांबले. मग ते असे हसले की ताटी मांडीवरून घसरली. “अरे, मर्री मंजे पोरगा. झाडाले मरा म्हंते.”

“मर्रा?”

“मरा. जीभ आवर जरा.”

मग बोलणं पाखरावर गेलं, वाघावर गेलं आणि वाघावरून मुखरू आपसूकच सशाच्या गोष्टीत शिरले. जुबेरनं बॅगेवर हात ठेवून विचारलं, “काका... टिपून घेऊ?”

मुखरूंनी लेकीकडं पाहिलं. “पोरं हसतीन.”

“हसू द्या न बाबा,” बुधरी म्हणाली. “गोष्टच हसाची हाय.”

त्यांनी ताटी बाजूला सारली आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

धड्याच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. संस्थेच्या ताई आल्या. जुबेरनं छोटा स्पीकर मुलांपुढं ठेवला. चित्रपत्ते बुधरीनं छातीशी धरले होते. मुखरूंचा आवाज सुरू झाला. ससा आला, वाघ आला, मुलं खिदळली. शेवटी आवाजानं गोंडीत विचारलं, डोहातलं पाणी कुणी गढूळ केलं? जूनपासून वर्गात तोंड न उघडलेली एक पोरगी ताडकन उभी राहिली आणि ओरडली, “पुल्ली!” तिच्या पाठोपाठ अख्खा वर्ग ओरडला. बुधरीनं वाघाचा पत्ता उचलून धरला, पण तिला तो धूसर दिसत होता.

“हा धडा सगळ्या शाळांत पाठवू,” ताई म्हणाल्या. “आवाज कुणाचा आहे?”

दाराशी उभे असलेले मुखरू पुढं आले. “नावा,” ते म्हणाले. माझा. मराठीत सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

दुपारी गाव पांगलं. पिकअपशेजारी जुबेर वायरी गुंडाळत होता. बुधरी जवळ येऊन उभी राहिली.

“बुधरी,” तो वायरीकडंच बघत म्हणाला, “धडे तर होत राह्यतीन... पन मले नुसतं कामापुरतं नाई यायचं. तू आवडते मले. तुझ्या घरच्याइले चालन का, ते माहीत नाई. माझी अम्मी काय म्हनन, तेबी माहीत नाई.”

“लग्न झालं तरी माझं नाव हेच राहीन. गोंडीबी घरात राहीन.”

“मंग! अन् अम्मीची बोली?”

“तेबी राहीन. मी शिकीन तिच्यापासून.”

त्याच्या हातातली वायर सुटली. “तुझे बाबा...”

“बाबाले कालच सांगतलं मी.”

“काय म्हने?”

“आधी ताटी विनत राह्यले. मंग म्हने, पोरगा ऐकून घेते.”

एवढं बोलून ती पिकअपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि ओढणी सारखी करत म्हणाली, “चाल आता. अम्मीले भेटाचं हाय मले.”