आडवा घातलेला कागद

कागद नष्ट करणं ज्या वर्षी अशक्य झालं, त्या वर्षी पोस्टमन पुन्हा घरोघरी दिसू लागले. त्यांच्या पिशवीत करड्या रंगाची पाकिटं असत. सांगलीत कुणाच्या दारात तसं पाकीट आलं, की शेजारचे लोक आवाज खाली आणून बोलत. आत काय निघेल याचा नेम नसे. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी तीस वर्षांपूर्वी लिहून कागद कातरण्याच्या यंत्रात घातलेला राजीनामा परत मिळाला. एका बाईंना त्यांच्या नवऱ्याने वकिलाला लिहिलेलं पत्र मिळालं. त्या वाचत असताना नवरा समोरच बसून चहा पीत होता.

या सगळ्याला कारण होतं तंतुवाचन. विदुला साखळकर ज्या सकाळी तंतुवाचन केंद्रात अर्ज घेऊन आली, तेव्हा ते काय असतं हे तिला इतरांपेक्षा जास्त कळत होतं आणि तरीही पटत नव्हतं. तिची सारी नोकरी कागद नष्ट करण्यात गेली होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, अभिलेख विभागात, ती सत्तावीस वर्षं होती आणि शेवटची बारा वर्षं त्या विभागाची प्रमुख होती.

"कोबी चिरता ना तुम्ही?" डॉ. यामिनी हुपरीकरांनी विचारलं. केंद्राच्या प्रमुख असूनही त्या चाळिशीच्या आतल्या होत्या आणि कोल्हापूरच्या असल्यामुळे समोरच्याला अवघडू देत नसत.

"चिरते."

"चिरलेल्या कोबीतनं परत गड्डा करून द्या म्हटलं, तर मला वेड्यात काढाल. पण प्रत्येक शिरेला आपली दुसरी टोकं कुठं गेली हे आठवत असतं तर? कागदाचं तसंच आहे बघा. कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंचा थापलेला गुंता. पातं फिरलं, की हजारो तंतू मधोमध तुटतात. निम्मा तंतू या तुकड्यात, निम्मा त्या तुकड्यात. जगात दुसऱ्या कुठल्याच तुकड्याशी ती तुटकी टोकं जुळत नाहीत. आम्ही प्रत्येक तुकड्याच्या कडेचा फोटो काढतो आणि यंत्र जोड्या लावत बसतं. आमचं डोकं त्यात काही चालत नाही. नुसती चिकाटी, आणि तीही यंत्राची."

"ओले झालेले तुकडे?"

"ओले चालतात, मळके चालतात. फक्त लगदा चालत नाही. लगद्यात तंतू सुटे होतात, मग कोण कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही."

विदुलाने मान हलवली. तिच्या रुग्णालयातले तुकडे लगदा होण्यासाठीच जात असत. एका कागद गिरणीशी करार होता. ती गिरणी अकरा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बंद पडली, भावाभावांत वाद लागला, गोदामाला सील लागलं. गोदाम मागच्या महिन्यात उघडलं. आत मार्च महिन्याचे गठ्ठे जसेच्या तसे होते.

"आईचे कागद आहेत त्यात," ती म्हणाली. "नर्सच्या हाताने लिहिलेल्या नोंदी. मला शेवटच्या तीन दिवसांच्या हव्या आहेत."

"रुग्णालयाकडं काहीच नाही?"

"संगणकात सारांश आहे. चार ओळी. कागदी नोंदी नव्वद दिवसांनी नष्ट करायच्या, असा नियम होता."

"आणि नष्ट कुणी केल्या?"

"मी."

त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला.

*

तळघरातल्या कामाचे नियम विदुलानेच लिहून भिंतीवर लावले होते. कागद यंत्रात उभा घालायचा, म्हणजे पाती ओळींना आडवी कापतात आणि एकाही तुकड्यावर दोन अक्षरांपेक्षा जास्त काही उरत नाही. चार वॉर्डांच्या फायली एकत्र घ्यायच्या. तुकडे पडले, की फावड्याने खालीवर करून मगच गठ्ठा बांधायचा. यंत्र चालवणारे रज्जाकभाई या शेवटच्या कामाला भेळ म्हणत. "मॅडम, आज भेळेत बाळंतपणं जास्त झालीत, थोडा अस्थिरोग टाकू का?" या मिसळण्याच्या पद्धतीबद्दल विदुलाला रुग्णालयाने प्रशस्तिपत्र दिलं होतं.

आणि सगळ्यात वरचा नियम, हातातला कागद वाचायचा नाही.

तो तिने कधीच मोडला नव्हता. नजर कागदाच्या कडेवर आणि यंत्राच्या तोंडावर ठेवायची सवय लागली, की अक्षरं नुसती काळी रेघ होऊन जातात. कोरड्या हवेत तुकड्यांना वीज चढे आणि ते कपड्यांना चिकटत. संध्याकाळी रज्जाकभाई तिच्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणत, "गुपितं घरी चाललीत बघा." घरी गेल्यावर ती गॅलरीत उभी राहून ओढणी झटकायची आणि आई आतून ओरडायची, "विदू, खालच्या कुलकर्ण्यांच्या पापडावर नको गं!"

गिरणी बंद पडायच्या आधीच्या डिसेंबरमध्ये आई त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर होती. मूत्रपिंडं आधीच गेलेली, डायलिसिस चालू, त्यात मेंदूत रक्तस्राव. भेटीची वेळ पाच ते सहा. पाचच्या ठोक्याला विदुला तळघरातून वर जायची, तासभर बंद डोळ्यांच्या आईजवळ बसायची आणि खाली यायची. नऊ तारखेला डॉक्टर म्हणाले, "शुद्ध परत येणार नाही. डायलिसिस करून आपण फक्त त्रास लांबवतोय. निर्णय तुमचा." तिने विचारलं, "तिला काही कळतंय का?" ते म्हणाले, "नाही." तिने सही केली. बारा तारखेच्या पहाटे आई गेली.

सामान घेऊन जाताना लिफ्टपाशी आईच्या वॉर्डातल्या ग्लोरिया सिस्टर भेटल्या. त्यांनी विदुलाचा हात धरला आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ताई, नोंदी एकदा वाचून घ्या हो." विदुला हो म्हणाली. फाइल मागायला एक चिठ्ठी पुरली असती. नव्वद दिवस तिने ती चिठ्ठी लिहिली नाही. सिस्टर मधल्या काळात मस्कतला गेल्या आणि तिथेच वारल्या.

मार्चमध्ये फाइल आपोआप खाली आली, इतर फायलींबरोबर. सुलभा साखळकर, वॉर्ड चार. रज्जाकभाईंनी नाव पाहिलं आणि यंत्र बंद केलं. "मॅडम, मी चहा घेऊन येतो. तुम्ही बसा जरा." ते पंधरा मिनिटं आले नाहीत. तेवढ्यात तिने फाइल सोडवली, यंत्र चालू केलं आणि एकेक पान त्यात घातलं. न वाचता.

पुढच्या अकरा वर्षांत तिला एकच प्रश्न पडत राहिला. सही केल्यानंतरच्या त्या तीन दिवसांत आईला कळत होतं का?

*

"सांगते," डॉ. हुपरीकर दुसऱ्या भेटीत म्हणाल्या. "तुमच्या आईंचे कागद ज्या गठ्ठ्यात आहेत तो सापडलाय. पण एक अडचण आहे."

"काय?"

"तुम्ही फार चांगलं काम करत होता."

गठ्ठ्यावरच्या यादीप्रमाणे त्यात चारशे बारा रुग्णांचे कागद होते, पूर्ण मिसळलेले. त्यातून एकाचंच पान काढता येत नाही. एक तुकडा कुणाचा हे कळायला बाकी सगळ्यांची कड तपासावी लागते, म्हणजे एक पान वाचायचं तर सगळीच वाचली जातात. आणि पोच-कायदा स्पष्ट होता. एखाद्याचं पान वाचलं गेलं आणि त्याला किंवा त्याच्या वारसाला ते दिलं नाही, तर ती चोरी. सुरुवातीला लोकांनीच मोर्चे काढून तो कायदा मागितला होता. पाकीट नाकारायची सोय त्यात ठेवायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यामुळे चारशे अकरा घरांत पाकिटं जाणार."

"हो."

"त्यांनी काही विचारलेलं नसताना."

"हो. त्यात काय असेल मला माहीत नाही. तुम्हाला अंदाज असेल."

विदुलाला अंदाज होता. चार वॉर्ड म्हणजे कुठल्या तरी आईला न सांगितलेला मुलाचा आजार. नवऱ्यापासून लपवलेला गर्भपात. रात्रभर घंटा वाजवत राहिलेला म्हातारा. त्या घरांतली माणसं आता कशीबशी जेवायला-झोपायला लागली असतील.

"तुम्ही काय केलं असतंत?" तिने विचारलं.

"मी?" डॉ. हुपरीकर थोड्या हसल्या. "माझ्या आजोबांचा एक गठ्ठा खाली गोदामात पडलाय. त्याच्या आसपास कुणी गेलं, की मी काहीतरी निमित्त काढून त्याला वर बोलावते. आणि हे यंत्र मीच बनवलंय."

विदुलाने अर्ज परत मागितला आणि चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. बाहेर पडताना तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. आईसाठी नाही, पण चारशे घरांसाठी आपण काहीतरी राखलं असं तिला वाटलं. ते वाटणं सहा आठवडे टिकलं.

*

पोस्टमनने सही घेतली आणि मान वर न करता जिना उतरला. पाकीट करडं होतं.

तिने आधी केंद्रात फोन लावला.

"मी तर अर्ज मागे घेतला होता."

"तुमचा नव्हता, ताई," डॉ. हुपरीकरांचा आवाज थकलेला होता. "त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कुणाचा. जमिनीचा दावा आहे. वडील अमुक तारखेला रुग्णालयात होते, म्हणजे खरेदीखतावरची सही खोटी, एवढंच सिद्ध करायचं होतं त्यांना. मी समजावलं. ते म्हणाले, बाकीच्यांचं मला काय करायचंय?"

"सगळ्यांना गेली?"

"चारशे बारा. आज सकाळपासून माझा फोन थांबलेला नाही."

फोन ठेवल्यावर विदुला बराच वेळ पाकीट हातात घेऊन बसली. फाडून टाकावं, जाळावं, असं तिला वाटून गेलं. पण आतल्या कागदाची प्रत केंद्रात राहणार होती आणि ते पान कुठेतरी वाचलेलं आहे हे आता बदलणार नव्हतं. जगात एकट्या तिनेच ते वाचलेलं नसतं. तिने कडेने पाकीट उघडलं.

आत पूर्ण फाइल होती. तिने शेवटच्या दिवसांचं पान काढलं. ग्लोरिया सिस्टरांचं गोल, शाळकरी अक्षर.

*१० डिसेंबर, दुपारी ३.१०. हाक मारल्यावर डोळे उघडले. बोट दाबा म्हटल्यावर दाबले. ड्यूटी डॉक्टरांना कळवले. आपोआप होणारी हालचाल असावी, असे म्हणाले.*

*११ डिसेंबर, दुपारी २.४०. डोळे उघडे. "विदू" असे स्पष्ट म्हणाल्या. मुलगी खाली तळघरात कामावर आहे, बोलावू का, असे विचारले. रुग्ण म्हणाल्या,*

त्यापुढे कागद पांढरा होता. अरुंद, लांबट, स्वच्छ पांढरा तुकडा. त्यात बारीक टाइपात छापलं होतं, *हा भाग उपलब्ध नाही.* त्याच्यानंतर ओळ पुन्हा सुरू होत होती.

*असे दोनदा म्हणाल्या. पाच वाजता मुलगी आली तेव्हा झोपेत.*

विदुलाने पान दोनदा वाचलं. मग तिचं लक्ष राखाडी रेघांकडे गेलं. पाती कुठून फिरली हे दाखवायला केंद्र प्रत्येक प्रतीवर तशा रेघा छापत असे. तिच्या यंत्राचा तुकडा सहा मिलिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब पडे. रेघा ओळींना कापत जायला हव्या होत्या. या पानावर त्या ओळींच्या बरोबरीने जात होत्या. कागद आडवा घातला गेला होता.

सत्तावीस वर्षांत तिने एकही कागद आडवा घातला नव्हता. मग तिला तो मार्च आठवला, बंद केलेलं यंत्र, चहाला गेलेले रज्जाकभाई. उभं पान हातात धरलं तर अक्षरं सरळ दिसतात. ती दिसू नयेत म्हणून तिने पान फिरवलं होतं. आईचं एक अक्षरही नजरेला पडू नये म्हणून.

म्हणजे त्या तुकड्यांवर दोन-दोन अक्षरं नव्हती. पूर्ण शब्द होते.

तिने पुन्हा फोन लावला. "तो तुकडा कुठे असेल?"

"गठ्ठ्यात नाही. गठ्ठ्यात असता तर मिळालाच असता. बांधायच्या आधीच बाहेर गेलेला दिसतोय," डॉ. हुपरीकर म्हणाल्या. "ताई, मागचंपुढचं बघून यंत्र अंदाज देऊ शकतं. सगळ्यात संभाव्य तीन-चार शब्द. देऊ का?"

"नको," विदुला म्हणाली. "अंदाज मला येतात. गेली अकरा वर्षं येतातच आहेत."

संध्याकाळी तिने कपाटाच्या तळातून त्या मार्चच्या दिवशी घातलेला निळा ड्रेस काढला. त्यानंतर तो शंभर वेळा धुतला गेला होता हे तिला माहीत होतं. तरी तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, ओढणी त्यावर धरली आणि हलक्या हाताने झटकली. मग ड्रेसचे खिसे उलटे केले, शिवणी बोटांनी चाचपल्या. थोडी धूळ पडली. ती तिने भिंग लावून पाहिली.

मग ती गॅलरीत गेली. त्या मार्चमध्ये, त्या संध्याकाळी, ती इथेच उभी होती. ओढणीवरून सुटलेला एक तुकडा हवेत फिरत खाली गेला असणार. त्यावर तीन-चार शब्द होते, गोल शाळकरी अक्षरात, सरळ ओळीत, कुठल्याही यंत्राशिवाय कुणालाही वाचता येतील असे. तिने तेव्हा खाली पाहिलं नव्हतं. आतून कुणी ओरडलंही नव्हतं.