पाच वाजता टेबल रिकामं करायचं

आगीचा भोंगा वाजला तेव्हा मधलीच्या तोंडात टूथब्रश होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

ती होती तशीच धडाधडा जिने उतरून अंगणात आली. अंगावर रात्रीचा ढगळ शर्ट, केसांचं पार घरटं झालेलं, तोंडात फेस. खाली बघते तर काय, इमारतीतली सगळी निवृत्त मंडळी, जुळ्या बाळांना घेऊन उभी असलेली एक आई, आणि भिंतीला टेकलेला, अंगाभोवती पांघरूण गुंडाळलेला एक तरुण. बाकीची इमारत केव्हाच कामावर गेली होती.

"घाबरू नका, आग नाही. सराव आहे," सोसायटीचे सेक्रेटरी आजोबा गळ्यातल्या शिट्टीशी खेळत म्हणाले. मग त्यांची नजर या दोघांवर येऊन थांबली. "तुम्ही दोघं आजारी आहात का?"

"नाही," तरुण पांघरूण सावरत म्हणाला. "मी घरून काम करतो."

"मी पण," मधली फेसातून म्हणाली.

"असं होय! आणि हे काम सुरू कधी होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी त्याला हसू आलं, मग तिला. तिचं तर असं फुटलं की फेसाचा शिंतोडा थेट त्याच्या पांघरुणावर.

"सॉरी... सॉरी हं."

"असू दे. धुवायचंच होतं ते. बऱ्याच दिवसांपासून."

तीन भावंडांतली मधली, म्हणून घरात सगळे तिला मधलीच म्हणत. परक्या भाषेतल्या मालिकांमध्ये पडद्याच्या तळाशी ओळी उमटतात ना, त्या ती लिहायची. पात्र कितीही लांबलचक बोलो, तिला ते दोन छोट्या ओळींत बसवायचं, आणि डोळ्यांना वाचायला वेळ मिळेल असं. काम तिच्या जिवाभावाचं होतं. त्यासाठी तर चांगली नोकरी सोडली होती. पण नोकरी सुटली आणि दिवसाचा नाडाच सुटला. उठायला धरबंध नाही, जेवायला नाही. काम पाठवायला दोनदा उशीर झाला तेव्हा कंपनीने सांगून टाकलं, ही मालिका वेळेत आली तर पुढचं काम, नाहीतर इथेच थांबू.

ताईने तर मधलीच्या जुन्या ऑफिसात बोलूनही ठेवलं होतं. "नाही जमलं तर गपचूप परत ये. जागा भरली नाहीये अजून."

ती रिकामी जागा मधलीच्या स्वप्नातसुद्धा यायची.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. आज पांघरूण नव्हतं. खुर्च्या-कपाटांचे सुटे भाग खोक्यात येतात, आणि ते कसे जोडायचे हे दाखवणारी चित्रं सोबत असतात. ती चित्रं तो काढायचा.

"एकही शब्द न लिहिता?" तिने विचारलं.

"एकही नाही. शब्दांची भीती वाटते म्हणून तर हे काम घेतलं."

"म्हणजे खुर्चीवाले तुम्ही."

"खुर्चीवाला... चालेल. पण अडचण काय आहे सांगू? मला ओरडायला कुणी नाही. ऑफिसात साहेब होते. त्यांच्या बुटांचा आवाज आला की हात आपोआप चालायचा."

"मी ओरडू शकते. धाकट्या भावावर ओरडून घसा तयार आहे माझा."

"मग ठरलं? तुम्ही माझ्या साहेब, आणि मी तुमचा..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "...साहेब. मी तुमचा साहेब."

"कळलं," मधली म्हणाली आणि वळून दोन जिने जास्तच चढून गेली.

करार तिची मालिका संपेपर्यंतचा ठरला. बसायला जागा मिळाली ती तळमजल्यावरची टेबल टेनिसची खोली. आजोबांनी किल्ली दिली, पण अटींसकट. "पाच वाजता टेबल रिकामं करायचं. आमचा खेळ असतो. आणि जाळी काढायची नाही. ती ताणून बसवताना माझी कंबर जाते."

तर जाळीच्या अलीकडे मधली, पलीकडे खुर्चीवाला. सकाळी नऊला हजेरी.

"साहेब, उशीर झाला तुम्हाला."

"मोजा सापडत नव्हता, मॅडम."

"एक पायात आहे की."

"दुसऱ्याबद्दलच बोलतोय मी!"

"तो खिशातून लोंबतोय तुमच्या."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिस्त लावून घेतली. आल्या आल्या सगळ्यात अवघड काम. चहानंतरच मेल उघडायचे. दोघांचे फोन बॅटी ठेवायच्या पेटीत बंद. दुपारी अंगणात चकरा, आणि चकरा मारताना जो कामाबद्दल बोलेल, दुसऱ्या दिवशीचा चहा त्याने करायचा. मधली मुद्दाम बोलायची. मग तो चहा पिताना म्हणायचा, "मॅडम, आज पुन्हा शिक्षा ओढवून घ्या ना."

सकाळी नऊला कुणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर तिला रात्री वेळेवर झोप यायला लागली. शर्टाला इस्त्री दिसू लागली. तोही दाढी करून यायला लागला, आणि तिने ते पाहिलं की उगाच जाळीची गाठ सारखी करत बसायचा.

"तुझा आवाज असा का येतोय गं?" ताईने फोनवर विचारलं.

"कसा?"

"झोप झाल्यासारखा."

एकदा पाचच्या थोडं आधी आजोबा आले आणि दारात उभे राहून दोघांची आवराआवर बघत राहिले. "आमची ही गेली ना," ते बॅट पुसत म्हणाले, "तेव्हा मीही बारा-बारा वाजेपर्यंत अंथरुणात असायचो. उठलं काय, नाही उठलं काय, विचारणारं कोण? मग या म्हाताऱ्यांनी पाचला खाली ओढायला सुरुवात केली. पाचला खाली यायचं म्हणजे त्याआधी आंघोळ आली, जेवण आलं..." त्यांनी बॅट हातावर आपटली. "चला, निघा आता. टेबल आमचं."

त्या दिवशी दोघंही जिना फार हळू चढले.

बघता बघता मालिका संपत आली. मधलीचा हात असा बसला होता की शेवटचा भाग ठरल्या तारखेच्या आधीच पुरा झाला. तिने तो पाठवला. खरं तर टेबलावर चढून नाचायला हवं होतं. पण तिने जाळीपलीकडे पाहिलं. तो जीभ दातांत धरून कसल्याशा शेल्फचा स्क्रू रेखाटत होता.

मालिका संपली म्हणजे करार संपला. उद्या नऊला खाली यायचं कारणच संपलं.

तिने तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, स्क्रीन उघडून बसली, कपाळाला आठ्या घातल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. अधूनमधून दोन-चार कळा दाबायच्या, सुस्कारा सोडायचा.

त्या दुपारी बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून चकरा झाल्या नाहीत. खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत होते. खुर्चीवाल्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, एक विचारू? मालिका संपली ना?"

"छे! अजून... बरीच आहे."

"खोटं."

"साहेब असलात म्हणून काय झालं? कशावरून?"

"तुम्ही ओळ लिहिली की ती ओठांतल्या ओठांत म्हणून बघता. बसतेय का ते. दिवसभर ओठ हलत असतात तुमचे. परवापासून..." तो अडखळला. "परवापासून हलले नाहीत."

मधलीचा चेहरा तापला. मग तिच्या लक्षात आलं.

"आणि तुम्ही दिवसभर माझे ओठ बघत होतात?"

आता तापायची पाळी त्याची होती. "म्हणजे... काम करता करता..."

"तरीच त्या शेल्फला पाच पाय काढलेत तुम्ही."

त्याने कागद पाहिला. खरंच पाच होते. तो हसला, मग गंभीर झाला, मग उभाच राहिला. "हे बघा, मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दिवशी अंगणात तुम्ही फेस उडवलात ना, मी ते पांघरूण धुतलं आणि तो डाग गेला म्हणून मला उगाच वाईट वाटलं. मग वाटलं, साहेब वगैरे ठरवलं की निदान रोज भेट तरी होईल. मालिका लवकर संपू नये असं मनात यायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा, कारण ती वेळेत गेली नाही तर तुम्ही तुमच्या त्या जुन्या ऑफिसात जाणार, आणि मी इथे या जाळीसमोर..."

"फार लांब झालं," मधली म्हणाली. "वाचणाऱ्याला दम लागेल. दोन ओळींत बसवा."

त्याने पाच पायांच्या शेल्फचा कागद टेबलावर उलटा ठेवला. पाऊस ऐकू येत होता.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "रोज. नऊच्या आधी आणि पाचच्या नंतरही."

मधलीचे ओठ हलले. तिने ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली, सवयीने. मग उठली आणि जाळीची खीळ सैल करायला लागली.

"अगं, आजोबा ओरडतील!"

"ओरडू देत. मला पलीकडे यायचंय."

"टेबलाला वळसा घालून येता येतं की..."

"साहेब," ती म्हणाली, "तू जरा गप्प बस."

जाळी टेबलावर पडली. मधली टेबलावर चढली आणि सरळ पलीकडे उतरली. उतरताना त्याने हात धरला. मग तो सुटला नाही.

पाचला निवृत्त मंडळी आली, तर टेबल रिकामं, जाळी खाली, आणि हे दोघं दारातून बाहेर पडताहेत. अजूनही हातात हात.

"जाळी कुणी काढली?" आजोबा गरजले.

कुणीच वळून पाहिलं नाही. आजोबा एक हात कंबरेवर ठेवून वाकले. जाळी ताणता ताणता त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. दोघं भिजत, अंगणातल्या राहिलेल्या चकरा पुऱ्या करत होते. आजोबा तिथेच थांबले. नाक शिंकरलं. मग खिडकी उघडून ओरडले, "उद्या नऊला नाही आलात तरी चालेल हो!"

"छे छे, आजोबा," पावसातून दोन आवाज एकदम आले. "नऊ म्हणजे नऊ!"