नटातली पिन

"मला त्या मिस्त्रीला आत टाकायचंय," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "बाबा त्याच्यामुळे गेले. उताराच्या वळणावर ट्रक वळलाच नाही."

खासगी तपास करणाऱ्या मास्तरांनी तिच्यापुढे पाणी सरकवलं. त्यांचे मित्र, वकील, वही उघडून बसले.

"काय निखळलं?"

"ड्रॅग लिंक. स्टिअरिंगचा जोर पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या नटातली पिनच नव्हती, नट सुटू नये म्हणून टोकं वळवून बसवतात ती. काम आदल्याच दिवशी झालेलं. बाबा घरी आले ते बोटाला पिन टोचवून घेऊन. मीच पट्टी बांधली. मग सकाळपर्यंत ट्रक आमच्या अंगणातच होता."

गॅरेजात मिस्त्री मान खाली घालून बोलला. "महिनाभर स्टिअरिंग जड होतं. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं, त्या किंगपिनला ग्रीस भरलं, तर एका बोटाने फिरायला लागलं. मग ड्रॅग लिंकचा नट बदलला. पिनेची टोकं मी वळवत नाही. ज्याची गाडी, त्याच्याकडूनच वळवून घेतो. जीव त्याचा, खात्रीही त्याची."

"मेलेला माणूस काय उलटून बोलणार!" सोबत आलेली ती म्हणाली.

अपघाताच्या वेळी तिचा काका ट्रकमध्ये होता. तो आदल्या रात्री उशिरा परगावहून परतला होता.

"दादा ओरडला, स्टिअरिंग जाम झालंय! दोन्ही हातांनी ओढत होता, पण ते तसूभर हलेना. मी उडी टाकली म्हणून वाचलो. महिनाभर जडच होतं ते. त्या हरामखोराने हातच लावला नाही."

"तुम्हाला लागलं कुठे?"

"नशीब माझं. खरचटलंही नाही."

"दादांशी पटायचं?"

"माझ्या गाडीखाली माणूस आला, तेव्हा साक्ष द्यायला हाच पुढे. दोन वर्षं आत काढली. पण शेवटी भाऊ तो भाऊच."

बाहेर येताच वकिलांनी वही मिटली. "मिस्त्री अडकला."

"हातपंपाची आतली सळई तुटली, तर दांडा जड होतो की हलका?" मास्तरांनी विचारलं.

"हलका. नुसताच खालीवर होतो." वकिलांनी वही पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. दाराशी पोलीस होते.

"दादांच्या बोटाला पिन टोचली, कारण टोकं त्यांनीच वळवली. म्हणजे पिन होती. ती अंगणात कुणीतरी काढली. आता हे पाहा, ड्रॅग लिंक सुटली की चाकांचं ओझं स्टिअरिंगवर राहत नाही. ते गरगर फिरतं, जाम होत नाही. काका, तुम्ही वळणाआधीच खाली उतरलात. म्हणून साधं खरचटलंही नाही. मिस्त्रीला पुरता बुडवायला तुम्ही जुन्या तक्रारीची गोष्ट रचलीत. ती तक्रार आदल्या दिवशीच मिटली होती. तुम्ही परगावी होता, तुम्हाला कोण सांगणार?"

"सख्ख्या भावाने गजाआड घातलं मला!" काका किंचाळला. मग आवाज उतरवून पुतणीला म्हणाला, "पोरी, तुझ्यावर माझा राग नव्हता गं."

तिने आधी मिस्त्रीपुढे हात जोडले. मग काकाकडे वळली.

"माझा आहे. केस कितीही वर्षं चालू दे. प्रत्येक तारखेला मी समोरच्या बाकावर बसणार. मान वर केलीस की मीच दिसेन."