पंधरा फुसके उंदीर

चष्म्याच्या दुकानातली ती खरं तर दादाचा दुरुस्त झालेला चष्मा द्यायला जिना चढून वर आली होती. दादा म्हणजे तिचा मावसभाऊ. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी तो आणि त्याचे दोन मित्र फाशांचा खेळ मांडायचे. प्रत्येक जण गोष्टीतला एकेक वीर, आणि पुठ्ठ्याच्या उभ्या आडोशामागे बसलेला चौथा ती गोष्ट सांगणार. राक्षसही तोच लढवणार, त्यांच्या ताकदीचे आकडे आडोशामागे लपवून.

"आलीच आहेस तर बस. एक भिडू कमीच आहे," दादा म्हणाला.

ती तिरंदाज झाली. आणि अर्ध्या तासात मेली!

मारलं कुणी म्हणाल, तर उंदरांनी.

"चूक माझी आहे हो," आडोशामागून आवाज आला. हा एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आडोशावरून दिसणारे त्याचे कान लालबुंद झाले होते. "तुम्ही नवीन, म्हणून मुद्दाम फुसके उंदीर घेतले. एका फटक्यात मरणारे. पण पंधरा आहेत म्हणजे एका फेरीत पंधरा वेळा चावणार... हे डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे दया करायला गेलात आणि मला मारलंत?"

"...हो."

तिला खुदकन हसू आलं. "मग आता मी काय करू? सगळ्यांचे चष्मे पुसत बसू?"

"नवीन वीर तयार करायला वेळ लागतो. तोवर – उंदीर खेळता?"

त्याने शेजारची खुर्ची ओढली. उंदीर तिच्या हाती गेले आणि तिन्ही वीरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे उंदीर दिवा विझवायचे, दारामागे दबा धरायचे, पळाल्याचं सोंग करायचे.

पुढच्या रविवारी द्यायला चष्मा नसतानाही ती आली. तिसऱ्या रविवारी अहो-जाहो गळून पडलं.

"सहा ठेवू की आठ?" तो कुजबुजायचा.

"सहाच. पण दोन मागच्या दाराने."

"दुष्ट आहेस."

"तूच शिकवलंस!"

खालून इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा. खोडलेल्या आकड्यांवरचा खोडरबराचा चुरा त्याने फुंकला की ती फुंकर तिच्या मनगटाला लागायची, आणि पुढची दोन वाक्यं तिला ऐकूच यायची नाहीत. नवीन वीराचं नाव ती चुकूनही काढत नव्हती. वीर मिळाला की ही खुर्ची गेली! तिला ती खुर्ची हवी होती आणि शेजारचा माणूसही; आता स्वतःपासून काय लपवायचं?

सातव्या रविवारी मात्र दादा वैतागला. "आम्ही तिघं मरायला टेकलोय! ही त्या बाजूला असताना बरोबरीची लढत होणार कशी? दे हिचा वीर, आणि पाठव इकडे."

लिफ्टवाल्याने फाईलमधून कागद काढला. तयारच होता.

इतक्या सहज? ती उठली, टेबलाला वळसा घालून समोर जाऊन बसली आणि मान खाली घालून कागद वाचू लागली. नवी तिरंदाज. कोपऱ्यात तारीख – त्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारची.

"हा... इतके दिवस तयार होता?"

"दिला असता तर तू उठून गेली असतीस." तो खोडरबर बोटांत फिरवू लागला. "आणि मला तू शेजारी हवी होतीस. उंदरांसाठी नाही... माझ्यासाठी."

दादाने चष्मा काढला आणि उगीचच पुसायला घेतला.

"वेड्या," ती म्हणाली, "मी तरी कुठे मागितला कधी?"

त्याने पुठ्ठ्याचा आडोसा मिटून आडवा ठेवला. इतके दिवस शेजारी बसून तिने त्याचा एक कान आणि खोडरबर धरलेला हात तेवढा नीट पाहिला होता. आता तो अख्खा समोर होता, लाजलेला, हसणारा.

"अरे, तुझे सगळे आकडे दिसतायत!" दादा ओरडला.

"दिसू देत."

तिने फासे उचलले. "किती उंदीर आहेत आज?"

"एकच," तो म्हणाला. "आणि तो शरण आलाय."